उजव्या कुशीची माती

अंगरखा माझ्या मांडीवर टाकून आमचे हे म्हणाले, "धा वाजायच्या आत शिवून ठिव. आन् ती माती तेवढी धुऊन काढ. कारखान्याचे साहेब यायलेत."

एवढं बोलून ते बाहेर गेले. आदल्या दिवशी दवाखान्यात छाती उघडी करायला कुणीतरी तो अंगरखा गळ्यापासून कमरेपर्यंत कात्रीनं कापला होता. अंगरखा मीच शिवलेला होता, त्यामुळे त्याची शिवण कुठून धरायची ते मला ठाऊक होतं. मी तो उलटसुलट करून पाहिला. डावी बाजू स्वच्छ होती. उजव्या बाजूला खांद्यापासून कमरेखालपर्यंत चिखल लागून वाळला होता. आमच्या भागात तीन वर्षं नीट पाऊस नव्हता. मे महिन्यात चिखल आला कुठून, असं कुणी परक्यानं विचारलं असतं. गावातल्या कुणीच ते विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

ती माती मी धुतली नाही. घरात एकच घागर पाणी होतं, पण म्हणून धुतली नाही असं नाही. मला ती धुवायची नव्हती.

आमच्या गावात सोळा माणसांचं पथक आहे. महाराजांच्या काळातले कपडे घालायचे, लाठी-तलवार फिरवायची आणि शेवटी खिंडीतली लढाई करून दाखवायची. जयंतीच्या दिवसांत गेवराईपासून माजलगावपर्यंत बोलावणी असायची. माझे मालक पथकाचे वस्ताद. ते हलगी वाजवतात आणि सगळा खेळ हलगीवर चालतो. हलगी वाढली की वार वाढतात, हलगी बदलली की शत्रू आत येतो. मी चौथीपर्यंत शिकले. पथकाचे अंगरखे, मुंडासी, शेले सगळं मी शिवते. खेळ असला की मैदानाच्या कडेला गाठोडं आणि सुईदोरा घेऊन बसते, कारण लढाईत कुणाचं ना कुणाचं काहीतरी फाटतंच. मला चारचौघांत बोलता येत नाही. बाजारात भाव विचारायलाही मी शेजारणीला पुढं करते.

ज्यांचा तो अंगरखा, जे आदल्या दिवशी गेले, ते आमचे पट्टेवाले. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. एकर-दीड एकराचे कोरडवाहू शेतकरी, घरी बायको आणि दोन बैल. हातात मात्र अशी कला की म्हातारी माणसं उठून उभी राहायची. दांडपट्टा म्हणजे कोपरापर्यंत लोखंडी खोबण आणि तिच्यापुढं लांब, लवणारं पातं. त्यांचं पातं मांजरसुंब्याच्या एका लोहारानं ट्रकच्या पाट्यातून काढून दिलेलं. ते फिरायला लागलं की नुसता आवाज ऐकू यायचा, पातं दिसायचं नाही. खिंडीच्या लढाईत शेवटी एकटे उरायचे तेच. मग बाण लागायचा आणि ते पडायचे.

त्यांच्यासारखं पडणं कुणाला जमलं नाही. नेहमी डाव्या कुशीवर पडायचे, कारण उजव्या हातात पट्टा. त्याच्यावर पडलं तर कोपर मोडायचं. डाव्या कुशीवर पडून उजवा हात वरच ठेवायचे आणि मग तो पट्ट्यासकट हळूहळू खाली आणायचे. बायका डोळ्याला पदर लावायच्या. दर खेळाला डावी बाजू सोलून निघायची म्हणून एकदा मी अंगरख्याला डावीकडून आत कापूस भरून गादी शिवली. जुन्या वाकळीतला कापूस होता. मापं घेताना मी खाली बघतच विचारलं, "उजवीकडं बी भरू का, भाऊजी?"

"उजवीकडं कावून? उजवीकडं पडलो म्हंजी खरंच पडलो. तवा कापसाचं काय काम? तवा तुमी वरडा, वैनी. तुमाला येतंयच की वरडता."

सगळे हसले, मीही हसले. ओरडण्याची गोष्ट अशी होती की पहिल्या वर्षी गेवराईच्या खेळात ते पडले आणि मला ते खरंच वाटलं. मी एवढ्या गर्दीत किंचाळले. हलगी थांबली, भाऊजी उठून बसले, लोक पोट धरून हसले. वर्षभर पथकातले गडी मला बघून "आयो, मेला गं!" करायचे. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, "पुन्यांदा तोंड उघडलंस तर गाठोडं घिऊन घरीच बस." एकटे भाऊजी म्हणाले होते, "गप बसा बे. वैनी वरडल्या म्हंजी मी लई झ्याक पडलो."

पथकाचा नियमही त्याच वर्षी झाला. मेलेल्यांतल्या एकानं माशी बसली म्हणून नाक खाजवलं, तेव्हाही लोक हसले होते. ह्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "जो पडला तो हलगी थांबस्तोवर हलायचा न्हाई. आन् पडलेल्याला कुणी हात लावायचा न्हाई. हलगी थांबली की समद्यांनी उठून मुजरा करायचा." नियम चांगला होता. दहा-बारा वर्षं तो कुणी मोडला नाही.

त्या उन्हाळ्यात कारखान्यानं जनावरांची छावणी काढली. कारखाना सहकारी, म्हणजे सगळ्यांचा, असं म्हणतात. ऊस नव्हता म्हणून धुराडं बंद होतं, पण चेअरमनसाहेबांची गाडी बंद नव्हती. भाऊजी दोन्ही बैल घेऊन छावणीतच राहायला गेले. महिन्याभरानं निरोप आला, मोठे पुढारी छावणी बघायला येणार, खेळ पाहिजे. सगळे नटून पाहिजेत, चिलखतं, शिरस्त्राणं सगळं. फोटो निघणार.

नऊची वेळ दिली होती. पथक आठलाच नटून तयार. चिलखत म्हणजे काथ्याच्या पोत्यावर लोखंडी कड्या ओवलेल्या, छातीपाठीवर बांधायचं, कुशीला उघडं. डोक्यावर पत्र्याचा टोप. दहा वाजले, अकरा वाजले. भाऊजींनी टोप काढला तर एक कार्यकर्ता पळत आला. "चढवा, चढवा, गाड्या फाट्यावर आल्यात!" गाड्या फाट्यावर आलेल्या नव्हत्या.

मग टँकर आला. बायका घागरी घेऊन धावल्या, भाऊजींची बायकोही. टँकरवाल्यानं अर्धा टँकर रांगेला दिला आणि अर्धा मैदानावर शिंपडला, साहेबांवर धूळ उडू नये म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत शिंपडला. आमच्या पायाखाली चिखल झाला. भाऊजी मांडवामागं गेले. तिथं थंड पाण्याचे जार मांडलेले होते. मला इकडून ऐकू आलं.

"गिलासभर द्या, दादा. घसा वाळलाय."

"पाव्हणे आल्याबिगर झाकण न्हाई उघडायचं."

"आरं, आमी बी पाव्हणेच हाव की. तीनशे वर्सापासून आलोत."

तो जारवाला हसला, पण झाकण उघडलं नाही. भाऊजी ह्यांच्याकडं आले. हे म्हणाले, "आता खेळ झाल्यावरच पी. पोटात पाणी डचमळंल." तेही मी ऐकलं.

साडेबाराला गाड्या आल्या. खेळ सुरू झाला. खिंड आली, एकेक जण पडला, भाऊजी एकटे राहिले. पट्ट्याचा आवाज मला वेगळा वाटला, तुटक. बाण लागायच्या आधीच ते पडले, आणि उजव्या कुशीवर पडले. पट्टा अंगाखाली गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं खरं कधी बघितलं नव्हतं ना.

मांडवात चेअरमनसाहेब फोनवर बोलत होते. फोटोवाला पुढाऱ्यांना पुढं घेत होता, पडलेले मावळे मागं दिसले पाहिजेत म्हणून. साहेबांनी ह्यांच्याकडं बघून बोट गोल फिरवलं, वाजवत राहा म्हणून. हे वाजवत राहिले. मैदानात पंधरा माणसं पडलेली, त्यातले चौदा जण नियम पाळत होते. भाऊजींचा डावा हात मोकळा होता. त्याची बोटं चिखलात मिटायची, उघडायची. एक वेळ, दोन वेळ, पुन्हा. त्यांच्यापासून दोन हातांवर आमचा भालेवाला पडला होता, त्याचे डोळे उघडे होते. त्यालाही ती बोटं दिसली असणार. पडलेल्याला कुणी हात लावायचा नाही.

मलाही दिसली. डावी कूस वर होती, मी भरलेली गादी वर होती. अख्ख्या मैदानात फक्त मला कळलं होतं.

हलगी थांबली तेव्हा चौदा जण उठले. मुजरा केला. मग मागं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो अंगरखा शिवत बसले होते. टाके मी रागानं ओढत होते. बाहेर पथकातले गडी बोलत होते. खेळता खेळता गेला, नशीबवान. असं मरण कुणाला येतंय. अॅटकच होता, पडायच्या आधीच गेला असंल. मावळ्याचं मरण आलं. एक जण तर म्हणाला, "लई भारी पडला बे शेवटी." ज्यांनी त्यांच्याबरोबर दहा-बारा वर्षं एका ताटात भाकरी खाल्ली ते हे बोलत होते. ते रडतही होते. खोटं रडत नव्हते, म्हणूनच मला जास्त राग येत होता.

भाऊजींची बायको माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याहून लहान आहे, मला अक्का म्हणते. तिनं अंगरख्याच्या बाहीला हात लावला.

"अक्का, तुमी तिथंच होता न्हवं? मी तर टँकरच्या रांगेत होते. पडले तसेच गेले ना? समदे म्हणत्यात, त्येन्ला काय कळलं बी नसंल."

मी दोरा दातानं तोडला. मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. तिनं ती हो अशी घेतली आणि जरा सैल झाली. तेव्हा मला वाटलं, राहू द्यावं. तिला एवढं तरी राहू द्यावं.

पण मग हे आत आले आणि त्यांनी अंगरखा उचलला.

"माती तशीच हाय की!"

"ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या काय? साहेब हार घालणार हाईत. विसाव्यावर आमी मानवंदना देणार, फोटो निघणार."

"कुटली मानवंदना?"

"खिंडीची. समदे तिरडीभोवती पडणार. मी वाजवणार. साहेब दोन शब्द बोलणार. हलगी थांबली की उठून मुजरा. लोकं बघत ऱ्हातील."

 ह्यांनी तोच अंगरखा नेला आणि मातीवरून भगवा शेला आडवा पांघरला. नीट चापूनचोपून, की माती जराही दिसू नये.

आमच्याकडं बायका मसणवटीपर्यंत जात नाहीत. विसाव्यापर्यंत जातात. गाव संपतं तिथं लिंबाखाली तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, तिरडी फिरवून घेतात. तिथून बायका मागं फिरतात आणि पुढं पुरुषच जातात. म्हणजे मला जे करायचं ते विसाव्यापर्यंतच करता येणार होतं. त्यापुढं माती जळणार होती. चालताना मी मनात वाक्य जुळवत होते. एक वाक्य जुळायचं आणि पुढच्या पावलाला मोडायचं.

विसाव्यावर पांढऱ्या गाड्या आधीच येऊन उभ्या होत्या. तिरडी ठेवली. पथकातले गडी त्याच चिलखतांत, त्याच टोपांत आले होते. हलगी सुरू झाली तसे ते एकेक करून तिरडीभोवती धुळीत पडले. बायकांत रडं फुटलं. मलाही हुंदका आला, खोटं कशाला लिहू. माणसं जीव ओतून पडत होती. त्यांच्याकडं भाऊजींना द्यायला दुसरं काही नव्हतं, तेवढंच येत होतं त्यांना.

साहेब बोलायला लागले. कार्यकर्त्यानं त्यांच्यावर छत्री धरली होती. मावळ्याला वीरमरण आलं म्हणाले. दुष्काळातही हा गडी कारखान्यासाठी लढला म्हणाले. पुढच्या महिन्यात कारखान्याच्या आवारात भाऊजींच्या स्मरणार्थ असाच खेळ ठेवू, ह्याच वेशात. मग त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, बाजूला वळले आणि ह्यांच्याकडं बघून बोट गोल फिरवलं.

आमचे हे वाजवत राहिले.

ऊन मरणाचं होतं. तेच चिलखत, तेच टोप, तीच माणसं जमिनीवर. भालेवाल्याच्या मानेवरून घामाची धार चालली होती आणि तो हलत नव्हता. मी ती धार बघितली आणि माझं जे काय व्हायचं ते झालं. मी बायकांतून निघाले. कुणीतरी पदर धरला, तो सुटला. मी ह्यांच्याजवळ गेले आणि हलगीच्या कातड्यावर पंजा ठेवला. ह्यांच्या हातातली काडी माझ्या बोटांवर बसली. आवाज बंद झाला.

"अगं ए! येड लागलं का?"

मी ह्यांच्याशी बोललेच नाही. मी पडलेल्यांना म्हटलं, "उठा. हलगी थांबली. कोण कोण जिता हाय त्यानं उठा."

ते उठले. नियमच होता. पण मुजरा करावा की नाही ते त्यांना कळेना. धुळीनं माखलेले तसेच उभे राहिले.

मी तिरडीवरचा शेला बाजूला केला.

"ही बगा माती. भाऊजी डाव्या कुशीवर पडायचे. मी कापूस भरलाय डावीकडं, कापून बगा. कालच्याला उजवीकडं पडले. पट्ट्यावर पडले. पडल्यावर जिते होते. बोटं हलत होती. तुमी समदे पडून होतात आन् हे वाजवत होते आन् साहेब फोनवर होते. प्यायला पाणी मागितलं तर झाकण उघडलं न्हाई, आन् हे पाणी मैदानाला घातलं. हेच ते पाणी. अंगावर हाय त्यांच्या."

सगळं याच क्रमानं बोलले का ते आठवत नाही. आवाज फाटला होता एवढं आठवतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "कुणाची बायको हाय ती? आवरा तिला." कार्यकर्ता म्हणाला, "ताई, ही वेळ न्हाई." मी म्हटलं, "विसाव्याच्या पुढं मला येऊ देतोस का? मग कुटली वेळ?"

साहेबांनी फोन खिशात घातला आणि हात जोडले. कुणाला जोडले कळलं नाही. गाडीत बसले. छत्रीवाला छत्री मिटवत मागं पळाला.

मग भालेवाला खाली बसला. टोप काढून धुळीत ठेवला आणि म्हणाला, "वैनी खरं बोलल्या. मला दिसली होती बोटं. मला वाटलं, खेळच करायलाय."  एकेकानं टोप काढले. चिलखतंही तिथंच लिंबाखाली काढून ठेवली आणि भाऊजींना साध्या बंड्या घातलेल्या माणसांनी खांद्यावर घेतलं. हलगी वाजली नाही.

मी मागं वळले तेव्हा त्यांची बायको माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. सकाळी मी तिला जे दिलं होतं ते मी सगळ्यांसमोर काढून घेतलं होतं. त्याचा राग आला तर तिला हक्क होता. घरी जाताना ती माझ्या बाजूनं चालली नाही.

हे महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. ते मला सोसलं. पुढच्या महिन्यातला कारखान्यातला खेळ झाला नाही. साहेबांनी दुसऱ्या गावचं लेझीम पथक बोलावलं. छावणी चालूच राहिली, जार तसेच मांडवामागं. कुणाला काही झालं नाही. मी बोलले म्हणून जग बदललं असं मी लिहिणार नाही.

ह्यांनी मात्र एक दिवस आपणहून पथक बसवलं आणि मेलेल्यांचा नियम काढून टाकला. म्हणाले, "पडलेल्याला शेजारच्यानं हळूच हात लावायचा. त्यानं हात दाबायचा. न्हाई दाबला तर वरडायचं." हे सांगताना माझ्याकडं बघितलं नाही. मीही शिवणातून मान वर काढली नाही. एवढं साधं होतं ते, दहा-बारा वर्षांपूर्वीच करता आलं असतं, हेच माझ्या डोक्यात घण घालत होतं.

तेराव्यानंतर भाऊजींची बायको आली. दारात उभी राहून म्हणाली, "सांगितलंत ते लई चांगलं केलंत असं मी म्हणणार न्हाई, अक्का."

"नगं म्हणू."

"पण आता समदं सांगा. पयल्यापासून. कंच्या हाताची बोटं?"

"डाव्या."

ती आत येऊन बसली. मी सगळं सांगितलं. ती पुन्हा आली, मी पुन्हा सांगितलं. आता बाजाराच्या दिवशी येते, चहा घेत नाही, ऐकते आणि जाते. मधेच विचारते, तोंड कुणीकडं होतं, डोळे मिटले होते का, आवाज काय निघाला का. मला जेवढं दिसलं तेवढं सांगते.

मागच्या बाजारी मी सांगत होते, आणि माझ्या तोंडातून निघालं, "मी उठले, दोन पावलं पुढं आले, तेवढ्यात हलगी थांबली." ती मान हलवून ऐकत होती. ती गेल्यावर मी दाराला टेकून उभी राहिले. मला माझीच किळस आली. साहेबांवर, जारवाल्यावर, ह्यांच्यावर एवढी संतापले, आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा दोन पावलं चोरून पुढं सरकले.

म्हणून हे वहीत लिहून ठेवते. येत्या बाजारी ती आली की तिला हेच सांगायचं आहे. भाऊजी उजव्या कुशीवर पडले ते मी बघितलं. मला ओरडता येत होतं, आणि ओरडा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. मी गाठोड्याची गाठ हातात धरून बसले होते. लोक हसतील म्हणून बसले होते. हलगी थांबेपर्यंत मी उठले नाही.